पालकांना आधी तुमच्याकडून कळायला हवं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडमध्ये राहत्या घरी चार वर्षं पाळणाघर चालवणाऱ्या एका ताईंकडे आठ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची अकरा मुलं आहेत आणि मदतीला एक मावशी आहेत. महिन्याभरात तीन कटकटी झाल्या. दीड वर्षाच्या एका मुलीच्या दंडावर दुसऱ्या मुलाने चावल्याची खूण होती. ती आईला रात्री घरी कपडे बदलताना दिसली आणि मोठा वाद झाला. एका मुलाचे वडील सातऐवजी पावणेआठला येतात आणि फीसुद्धा पंधरा तारखेनंतरच देतात. नव्याने आलेल्या बाळाची आई तासातासाला फोटो मागते. ताई विचारतात, ‘मी सगळ्यांशी गोडच बोलते, मुलांना जीव लावते, तरी पालक असे का वागतात?’

ताई, तुमच्या बोलण्यात काही कमी नाही. अडचण अशी की सकाळी दारात मूल सोडलं की पुढचे नऊ-दहा तास पालकांना काहीच दिसत नाही. ज्याला अजून बोलता येत नाही ते मूल घरी जाऊन काही सांगूही शकत नाही. मग आईबाप खुणांवरून अंदाज बांधतात. लाल झालेलं ढुंगण, तसाच परत आलेला डबा, रात्रीची किरकिर, दंडावरचे दात. तुम्ही जे सांगितलेलं नसतं ते त्यांचं मन भरून काढतं, आणि काळजीतलं मन नेहमी वाईटच भरतं. म्हणून माझं सांगणं एवढंच की मुलाची कुठलीही बातमी, आणि वाईट बातमी तर नक्कीच, पालकांना सगळ्यात आधी तुमच्याकडून कळली पाहिजे. चाव्याचा आणि फोटोंचा प्रश्न इथूनच निघतो. उशीर आणि फी हा मात्र व्यवहाराचा प्रश्न आहे, त्याला वेगळा उपाय लागतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य. कंपनीच्या आवारातल्या पाळणाघराचं गणित वेगळं असतं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा मिळाली. तिथली आई डोळ्यांनी बघून येते. तुमच्याकडची आई हिंजवडीत किंवा पुणे स्टेशनजवळ कुठेतरी बसलेली असते आणि तिला यायला तासभर लागतो. तिचा सगळा भरवसा तुमच्या शब्दावर. अकरा मुलांत दोन वर्षांखालची किती आहेत त्यावरही बरंच ठरतं. एका मोठ्या माणसाकडे तीनपेक्षा जास्त तान्ही असतील तर खाली सांगितलेली वही आणि फोन रोज नीट जमणार नाहीत. तसं असेल तर आधी दुपारच्या चार तासांसाठी तरी आणखी एक हात शोधा.

सुरुवात प्रवेशापासून करायला हवी, कारण बरेचसे वाद पहिल्या पंधरवड्यातच पेरले जातात. फॉर्म भरला, ॲडव्हान्स घेतला आणि सोमवारी मूल सोडून आई थेट ऑफिसला गेली, असं होऊ देऊ नका. रुळण्यासाठी सात ते दहा दिवस मागून घ्या, आणि ते आईची रजा संपायच्या आधीचे असू द्या. पहिले दोन दिवस आईने तासभर बाळासोबत तुमच्याकडे बसायचं. तिसऱ्या दिवशी तिने अर्धा तास बाहेर जाऊन यायचं. मग दीड तास, मग एका जेवणापर्यंत, मग दुपारच्या झोपेपर्यंत. झोप ही शेवटची पायरी, कारण परक्या जागी डोळे मिटणं मुलाला सगळ्यात अवघड जातं. या दिवसांत आईलाही तुमचं घर दिसतं: दूध कुठे ठेवता, लंगोट कुठे बदलता, मावशी कशा बोलतात. पुढे सहा महिने फोनवरून जे समजावावं लागलं असतं ते ती स्वतः बघून जाते.

निरोप घेण्याची पद्धतही तेव्हाच ठरवा. मूल खेळात रमलं की मागच्या मागे सटकायचं ही सवय बहुतेक घरांत असते, आणि ‘तुम्ही जा हो, मी बघते’ म्हणून आपणही तिला साथ देतो. त्याने पहिले दोन दिवस सोपे जातात. नंतर मूल आईचा पदरच सोडत नाही, कारण ती कधी नाहीशी होईल याचा त्याला नेम राहत नाही. आईने ‘मी जाते, तुझी खीर खाऊन झाली की येते’ असं सांगायचं, एकदा जवळ घ्यायचं आणि निघायचं. मूल रडेल. वीस मिनिटांनी आईला एक ओळ पाठवा: ‘आठ मिनिटं रडला, आता ठोकळे खेळतोय.’ आकडा खरा लिहा. पंचवीस मिनिटं रडला असेल तर पंचवीस लिहा, उद्या दहा लिहाल तेव्हा तिचा विश्वास बसेल.

आणखी एक गोष्ट प्रवेशाच्या वेळीच सांगायची असते, ती बहुतेक जणी विसरतात. २६ आठवड्यांच्या रजेतले काही बाळंतपणाआधीच गेलेले असतात, त्यामुळे बाळ तुमच्याकडे येतं तेव्हा बहुधा पाच-सहा महिन्यांचं असतं. या वयात ते कुणाकडेही हसत जातं. आठव्या-नवव्या महिन्यात त्याला आपलं-परकं कळायला लागतं आणि दोन महिने छान राहिलेलं बाळ एका सकाळी दारातच आक्रोश करतं. आईच्या मनात पहिला विचार येतो, ‘काल इथे काहीतरी झालं असणार.’ हेच तुम्ही तीन महिने आधी सांगितलं असेल, की आठव्या महिन्याच्या सुमारास असं होईल, काही आठवडे टिकेल, तर तीच आई म्हणते, ‘काकू म्हणाल्या होत्या तसं झालं.’ दात येणं, दोन वर्षांची हट्टाची पाळी, धाकटं भावंड घरात आल्यावर मोठ्याचं पुन्हा चड्डी ओली करणं, हे सगळं असंच आधी सांगून ठेवता येतं.

आता रोजचं. प्रत्येक मुलाची एक साधी दोनशेपानी वही ठेवा, ती मुलाच्या पिशवीतून घरी जाईल आणि परत येईल. व्हॉट्सअ‍ॅप असताना वही कशाला? कारण संध्याकाळी मूल न्यायला पुष्कळदा आजोबा येतात. त्यांना सांगितलेला निरोप आजींमार्फत आईपर्यंत पोचेतो बदललेला असतो. ‘थोडं सर्दीसारखं वाटतंय’चं ‘त्या म्हणाल्या, आजारी आहे’ होतं. लिहिलेली ओळ तशीच्या तशी पोचते. सकाळी घरच्यांनी तीन गोष्टी लिहायच्या: रात्री झोप कशी झाली, सकाळी काय किती खाल्लं, काही औषध दिलं का. संध्याकाळी तुम्ही लिहायचं: किती वाजता किती दूध, किती जेवण, झोप कधीपासून कधीपर्यंत, शी किती वेळा आणि कशी, आणि दिवसातली एक गोष्ट. ‘छान जेवला’ असं लिहू नका. ‘मऊ वरण-भात अर्धी वाटी, गाजर थुंकलं’ असं लिहा. पहिल्या वाक्याने आईला काहीच कळत नाही. दुसरं वाचून रात्री किती भरवायचं ते तिला ठरवता येतं, आणि तिच्या पोराकडे तुम्ही खरंच बघता हेही तिला कळतं. एका मुलामागे तीन-चार मिनिटं लागतात. दुपारी मुलं झोपलेली असताना निम्मं लिहून ठेवा, सातच्या गर्दीत ते होत नाही.

आईचं काढून ठेवलेलं दूध येत असेल तर त्याचा हिशेब मिलीलिटरमध्येच द्या. खोलीचं तापमान २५ अंशांपर्यंत असेल तर ते चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चार तासांवर भरवसा ठेवू नका, आलं की फ्रीजमध्ये. बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर टाकावंच लागतं. ते टाकलं हे कळलं की आईला लागतं, कारण ऑफिसच्या कोपऱ्यात बसून तिने ते काढलेलं असतं. म्हणून तिला ६०-६० मिलीच्या बाटल्या भरायला सांगा, एका वेळी एकच उघडा आणि लिहा, ‘दोन बाटल्या संपल्या, तिसरीतलं ३० मिली टाकलं.’ न सांगता टाकून दिलेलं दूध मी तरी छोटी गोष्ट मानत नाही.

चाव्याकडे येऊ. एक ते तीन वर्षांच्या मुलांत चावणं सर्रास होतं. शब्द अपुरे असतात, दात शिवशिवत असतात, खेळणं एक आणि हात दोघांचे. हे पूर्ण टाळता येईल असं वचन पालकांना कधी देऊ नका. चावा झाला की आधी जागा साबण-पाण्याने धुवा आणि गार पाण्याची घडी ठेवा. कातडी फाटून रक्त आलं असेल तर डॉक्टरांना दाखवावं लागतं, आणि कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं हे फॉर्मवर आधीच लिहिलेलं असायला हवं. मग पंधरा मिनिटांच्या आत आईला फोन, मेसेज नाही. बोलण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं वाक्य, ‘मुलगी ठीक आहे, खेळतेय.’ मग काय झालं: ‘साडेअकराला खेळण्यावरून दुसऱ्या मुलाने दंडावर चावलं, कातडी फाटलेली नाही, लाल खूण आहे.’ मग तुम्ही काय केलंत, आणि शेवटी पुढे काय करणार: ‘आज दोघांना वेगळ्या चटईवर बसवलंय, तसली दुसरी गाडी काढून ठेवलीय.’ चावणाऱ्या मुलाचं नाव सांगायचं नाही, कितीही विचारलं तरी नाही. ‘उद्या तुमच्या मुलीने कुणाला चावलं तर मी तिचंही नाव सांगणार नाही,’ हे उत्तर पालकांना पटतं. चावणाऱ्याच्या आईलाही त्याच दिवशी, एकटीला, हळू आवाजात सांगा. आठवडाभर वेळा टिपा. बहुतेकदा जेवणाआधीच्या अर्ध्या तासात, भुकेच्या वेळी चावे होतात, आणि जेवण वीस मिनिटं अलीकडे आणलं की कमी होतात.

डोक्याला मार लागला तर खूण असो-नसो, फोन लगेच. पुन्हा पुन्हा उलट्या, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी, झटका, चालताना तोल जाणं, न थांबणारं रडणं यातलं काहीही दिसलं तर पालकांची वाट न बघता दवाखाना. पडल्यानंतरचे २४ तास घरच्यांनीही लक्ष ठेवायचं असतं, त्यामुळे न सांगणं इथे धोक्याचं ठरू शकतं.

त्या वादातल्या आईशी आता काय बोलावं? ‘मुलं आहेत, चावणारच’ हे बरोबर असलं तरी आज म्हणू नका. तिचा राग चाव्याहून जास्त, तो तिला स्वतःला सापडला याचा आहे. दारात नको, तिला सवडीची वेळ विचारून बसा आणि सांगा, ‘चावा माझ्या लक्षात आला होता, तेव्हाच फोन करायला हवा होता. चुकलं. यापुढे ओरखडा असला तरी तुम्हाला फोन येईल.’ लक्षातच आला नसेल तर तसं सांगा, आणि यापुढे घरी पाठवण्याआधी प्रत्येक मुलाचे हात-पाय, मान, पाठ बघाल हेही सांगा. मग ते रोज करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि सकाळी मूल घेतानाही हेच करायचं. घरून आलेली खूण पालकांसमोरच वहीत लिहिली की संध्याकाळी ‘हे इथे झालं का?’ हा प्रश्न उरत नाही.

आजारपणात दोन्हीकडची ओढाताण खरी असते. आईची रजा संपलेली, आणि तुमच्याकडे दहा इतर मुलं. १००.४ फॅरनहाइटला ताप धरायचा, तेव्हा फोन करायचा, आणि तासाभरात येऊ शकतील अशी दोन माणसं फॉर्मवर असायची, हे प्रवेशालाच ठरवा. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तर मूल परत यायचं. सकाळी सातला तापाचं औषध पाजून मूल आणलं जातं आणि अकराला पुन्हा फणफणतं, हे तुम्हीही बघितलं असेल. तिथे ‘तुम्ही लपवलंत’ म्हटलं की पुढच्या वेळी नीट लपवलं जातं. सकाळच्या नोंदीत औषधाचा रकानाच असला की विचारणं आरोपासारखं वाटत नाही. औषध द्यायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी, बाटलीवर मुलाचं नाव, किती मिली आणि किती वाजता हे पालकांच्या हाताने लिहिलेलं. ‘एक चमचा द्या’ हे स्वीकारू नका. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, आणि पातळ औषधाच्या पाच मिलीत १२० किंवा २५०. चुकीच्या बाटलीतून तोच चमचा भरला की मात्रा कितीतरी पट होते.

उशिराच्या बाबांना दंड लावावा का? इथे थोडं थांबा. इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी दहा पाळणाघरांचा अभ्यास केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सहा ठिकाणी दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर १० शेकेल दंड सुरू केला. उशीर करणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड काढून टाकल्यावरही कमी झाले नाहीत. आधी लोकांना तिथल्या ताईंना थांबवल्याचं वाईट वाटायचं. दंड आल्यावर ते पैसे देऊन वेळ विकत घेऊ लागले. म्हणून शंभर-दोनशे रुपयांचा किरकोळ दंड हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. आधी कारण विचारा. बसचीच वेळ अशी असेल की सातला पोचणं शक्य नाही, तर आठपर्यंतचा वेळ रीतसर द्या आणि त्याची पूर्ण फी घ्या. तुम्हाला सातनंतर खरंच जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, ‘सातनंतर माझ्या सासूबाईंचं जेवण असतं, मावशींची बस असते, सातला दुसरं कोणी न्यायला येईल का?’ आपल्या थांबण्याने नक्की कुणाचं काय अडतं हे बहुतेक पालकांना माहीतच नसतं, कारण आपण ‘असू दे, असू दे’ म्हणत आलेल्या असतो.

फीबद्दल एक पानी कागद हवा, दोघांच्या सह्यांचा: महिन्याच्या ५ तारखेपर्यंत ॲडव्हान्स, सुट्टी घेतली तर किती कपात किंवा कपात नाही, तुमच्या स्वतःच्या सुट्ट्या कोणत्या (दिवाळी, गणपती, गावची जत्रा असेल तर तीही), फीवाढ दरवर्षी जूनमध्ये आणि एक महिना आधी कळवून, बंद करायचं तर दोन्ही बाजूंनी एका महिन्याची सूचना. आठवण ३ तारखेला सगळ्यांना एकाच मजकुराची जाईल असं ठेवा, म्हणजे कुणा एकाला टोचणार नाही. पैशाचं बोलणं मुलाला कडेवर घेऊन कधी करू नका. ज्या मिनिटात आईला तिच्या मुलाचा दिवस ऐकायचा असतो त्या मिनिटात फी मागितली की दोन्ही गोष्टी बिघडतात.

फोटो मागणाऱ्या आईला नकार देऊ नका, वेळ ठरवून द्या. अकरा वाजता एक आणि झोपेतून उठल्यावर, साधारण साडेतीनला एक. ठरलेल्या वेळी नक्की येणारे दोन फोटो तिला मागून मिळणाऱ्या आठांपेक्षा जास्त शांत करतात. तासातासाला फोटो काढताना तुमचे डोळे मुलांवरून हटतात हेही तिला सांगा, तेही तिच्याच बाळाबद्दल आहे. फोटोत दुसऱ्याचं मूल येऊ देऊ नका, कुणाचाही फोटो लेखी परवानगीशिवाय ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नका. आणि तिला सांगा की ती न कळवता कधीही येऊ शकते, दुपारी झोपेच्या वेळी फक्त बेल न वाजवता फोन करून. दार असं उघडं आहे हे कळलेली आई बहुधा एकदा येते, फार तर दोनदा. यादीत नाव नसलेल्या माणसाकडे मात्र मूल द्यायचं नाही, सख्खा काका असला तरी आईच्या किंवा वडिलांच्या फोनशिवाय नाही.

या आईबद्दल अजून एक. तान्हं बाळ सोडून कामावर गेलेल्या बाईला घरी-दारी बोलणारे पुष्कळ असतात. ‘इथे किती शहाण्यासारखा राहतो, तुम्हाला बघितलं की रडायला लागतो’ हे आपण कौतुकाने बोलतो, तिला ते घाव घालून जातं. त्याऐवजी खरं कारण सांगा: दिवसभर धरून ठेवलेलं रडू मूल आपल्या हक्काच्या माणसाजवळ सोडतं. पहिलं पाऊल तुमच्याकडे पडलं तर? मी सुचवते की ‘आज धरून न धरून उभा राहत होता, आता कुठल्याही क्षणी टाकेल, घरी लक्ष ठेवा’ एवढं सांगावं. पण तिने सरळ विचारलं तर खरं सांगावं. काही आयांना पहिलं पाऊल कुठे पडलं हे कळायलाच हवं असतं, म्हणून प्रवेशाच्या वेळी हेही विचारून ठेवा आणि तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिचं उत्तर लिहा.